बिलावरचा अंगठ्याखालचा कोपरा

पत्र

प्रिय ताई,

आमचं घर सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. वर आम्ही राहतो, खाली रस्त्याच्या अंगाला गाळा आणि त्याच्या मागे कोठी. पूर्वी गाळ्यात सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. ते गेल्यावर मिस्टरांनी तिथे पिठाची गिरणी आणि मिरची कांडप टाकलं, थ्री फेज घेतलं. त्याला चार वर्षं झाली. मी वर घरघंटीवर भाजणी, बेसन, मेतकूट करून विकते. खालच्या गिरणीत दळलं की मिरचीचा ठसका लागतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून वेगळी घंटी.

घरचं बिल चौदाशे-साडेचौदाशे यायचं. मे महिन्याचं चार हजार आठशे आलं, आणि त्याच आठवड्यात आणखी एक बिल, दोन हजार सातशेचं! गाळ्याचं बिल नऊ-दहा हजारांच्या खाली उतरतच नाही. धाकट्या दिरांच्या विहिरीवरच्या मोटारीला मात्र शून्य. ते म्हणतात, सरकार वीज फुकट देतंय, तुम्हीच अर्ज करत नाही. दुसरं कुणी म्हणतं, घरच्या मीटरवर धंदा करता, दंड बसेल. सोलरवाला येऊन गेला, तो म्हणतो तीन किलोवॅट बसवा, बिल शून्य. मला लाडकी बहीणचे पैसे येतात, पण सिलिंडरचे कधी आले नाहीत.

आमच्यासारख्यांना सरकारची मदत आहे की नाही? तिन्ही बिलांचे फोटो सोबत पाठवते. घरचं मीटर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, ते चालतं ना?

— एक गृहिणी (आणि अर्धी गिरणीवाली)

उत्तर

मदत आहे. पण ती ज्याला गरज आहे त्याच्या दारात येत नाही, मीटरची वर्गवारी आणि कागदावरचं नाव पाहून येते. तुमच्याकडे नेमक्या या दोनच गोष्टी बिघडलेल्या आहेत. म्हणून योजनांच्या आधी बिलांकडे वळते.

गाळ्याच्या बिलाचा फोटो काढताना तुमचा अंगठा नेमका 'दर संकेत' या रकान्यावर आला आहे. मीटर कोणत्या वर्गात धरलंय ते तिथेच कळतं. सगळ्या बिलात मला तोच कोपरा हवा होता! तरी खाली 'वीज शुल्क' या ओळीत २१ टक्के दिसतात, त्यावरून उलगडा झाला. महाराष्ट्रात घरगुती विजेवर १६ टक्के शुल्क लागतं, दुकान-हॉटेल-ऑफिसांच्या विजेवर २१ टक्के. उद्योगाला त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे तुमची गिरणी चार वर्षं दुकानाच्या दराने दळतेय. थ्री फेज घेताना तुम्ही भार वाढवून घेतलात, पण वापर बदलल्याचा अर्ज कुणीच दिला नाही. त्यामुळे कागदावर तिथे अजून सासऱ्यांचं किराणा दुकानच चालू आहे.

वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात पिठाची गिरणी आणि मसाला कांडप ही लघुदाब उद्योगाच्या वर्गात येतात, वाणिज्यिक वर्गात नाही. तुमच्या दोन्ही मोटारी मिळून साडेबारा अश्वशक्ती आहेत, म्हणजे साडेनऊ किलोवॅटच्या आत. वीस किलोवॅटखालच्या छोट्या उद्योगाचा दर तुम्हाला लागू होतो. हा दर वाणिज्यिक दरापेक्षा कमी, वर शुल्कही कमी. यात कुठलीच योजना नाही, कुठला मंत्री फीत कापायला येणार नाही, आणि तरीही तुमच्या घरात सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी गोष्ट हीच आहे.

करायचं ते एवढंच. उपविभागीय कार्यालयात किंवा महावितरणच्या ॲपवर वर्गवारी बदलाचा अर्ज द्या. सोबत गाळ्याचे दोन-तीन फोटो, यंत्रं दिसतील असे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, नसेल तर आधी ती करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. बाहेर कुणी त्याचे पाचशे-हजार मागत असेल तर देऊ नका. अर्जाची पोच घ्या, तारखेसकट. कुणीतरी पाहणीला येईल, आणि त्यानंतरच्या दोनेक बिलांत बदल दिसायला हवा. गेल्या चार वर्षांचे जास्तीचे पैसे परत मिळतील का, असं तुम्ही विचारणार. अर्जच दिलेला नसल्यामुळे ती बाजू लंगडी आहे. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तेव्हा फार तर मागचं थोडं. मी तुमच्या जागी असते तर आधी पुढचा दर सुधारून घेतला असता आणि मागच्यासाठी भांडायचं की नाही हे नंतर ठरवलं असतं.

आता घरचं बिल. गेल्या बारा महिन्यांचे आकडे बिलावर असतात, मी बेरीज केली: २,०२० युनिट. एरवी महिन्याला दीडशेच्या आसपास, मे महिन्यात ३७२. वापर अडीचपट झाला आणि बिल मात्र सव्वातीनपट, हे तुम्हाला खटकलं असणार. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या आसपास, ३०१ ते ५०० त्याहून वर. उन्हाळ्यात पंखे, कूलर आणि लग्नसराईच्या भाजणीच्या ऑर्डरी एकदम आल्या आणि शेवटची ७२ युनिट तिसऱ्या टप्प्यात जाऊन पडली. रीडिंग बरोबर आहे, 'चालू' आणि 'मागील' दोन्ही तपासले. मीटरला दोष देऊ नका.

जरा हिशेब करू. एक अश्वशक्तीची घरघंटी तासाला साधारण पाऊण ते एक युनिट खाते आणि सात-आठ किलो दळते. तुमच्या या बिलात दुसऱ्या टप्प्यातलं युनिट शुल्कासकट तेरा रुपयांच्या आसपास पडलंय, म्हणजे किलोला दीड रुपयाच्या आसपास. तिसऱ्या टप्प्यात तेच दोन रुपयांच्या वर जातं. भाजणीची किंमत ठरवताना डाळ-तांदूळ, धणे-जिरे, पिशवी सगळं धरता ना, मग हेही धरा. बहुतेक जणी धरत नाहीत.

दंडाचं म्हणाल तर तुम्हाला ज्याने घाबरवलं त्याला अर्धंच माहीत आहे. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दरच लागतो. मर्यादा महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६००. वर्षाच्या बेरजेत तुम्ही पुष्कळ आत आहात. पण मे महिना ३००च्या पुढे गेला, आणि कुणाला बोट ठेवायचंच असेल तर तिथे जागा आहे. वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरला तर आकारणी दुप्पट दराने होते. तशी नोटीस आलीच तर ती अंतिम नसते, तात्पुरत्या आकारणीवर लेखी हरकत घेता येते. पण ती वेळ यायलाच नको.

म्हणून माझं म्हणणं असं: गाळ्याची वर्गवारी बदलली की घंटी खाली आणा, मागच्या कोठीत. तिथे गाळ्याच्या मीटरची वीज, उद्योगाचा दर, टप्प्यांची चढण नाही. मिरचीचा ठसका ही खरी अडचण आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. भाजणीला मिरचीचा वास लागला तर दिवाळीची अर्धी ऑर्डर गेली. मधल्या दाराला रबराची पट्टी, कोठीला बाहेरच्या बाजूने एक खिडकी, आणि कांडपाच्या दिवशी भाजणी दळायची नाही, एवढ्यावर निभावतं का पाहा. नाहीच निभावलं तर घंटी वर ठेवा आणि उन्हाळ्यात महिना ३००च्या आत राहील याकडे लक्ष ठेवा. घरचं मीटर बदलून नवीन टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं) बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला सवलत असते. तेव्हा दळण रात्री टीव्ही बघत नको, दुपारी.

ते दोन हजार सातशेचं दुसरं बिल हे बिल नव्हेच, अतिरिक्त सुरक्षा ठेव आहे. वर्षभराचा वापर वाढला की सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव पुरी करायला सांगतात. ही ठेव तुमचीच राहते, तिच्यावर व्याज मिळतं, ते बिलातून वळतं होतं. एकदम झेपत नसेल तर हप्ते मागा.

दिरांच्या मोटारीबद्दल. ते खोटं सांगत नाहीत, पण त्यांची योजना तुमची नाही. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जुलै २०२४मध्ये आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना, एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशा पाच वर्षांसाठी. बिल तयार होतंच, ते सरकार भरतं. वीज कायद्याच्या ६५व्या कलमाप्रमाणे अशी सवलत जाहीर केली की सरकारने ती रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यावी लागते. शेतकऱ्याला अर्ज करावा लागत नाही, आणि घरगुती किंवा गिरणीच्या मीटरवाल्याने कितीही अर्ज केले तरी उपयोग नाही. दिरांना एवढं मात्र सांगा, की २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना अशीच मोफत वीज जाहीर झाली होती आणि २००५मध्ये बंद झाली.

आणि राग येणार नसेल तर आणखी एक सांगते. शेतीचे दर मुळातच कमी ठेवता येतात ते दुकानदार आणि कारखानदार यांच्याकडून खर्चापेक्षा जास्त दर घेऊन. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. म्हणजे दिरांच्या विहिरीच्या पाण्यात चार वर्षं तुमच्या गाळ्याचेही थोडे पैसे वाहत होते. भाऊबीजेला काढायला विषय चांगला आहे.

गिरणीसाठी थेट बिलात सूट देणारी योजना नाही. यंत्रमागाला आहे: मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २७ अश्वशक्तीखालच्या यंत्रमागांना युनिटमागे आणखी एक रुपया आणि त्यावरच्या, २०१ अश्वशक्तीपर्यंतच्यांना ७५ पैसे जादा सवलत मंजूर केली. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, विटा इथले माग एकत्र बोलतात, त्यांचे आमदार विधानसभेत बोलतात. गिरणीवाले गावागणिक तीन-चार, एकमेकांचे गिऱ्हाईक पळवण्यात गुंतलेले. त्यांच्यासाठी कोण बोलणार? तुमच्या उपयोगाची दुसरी एक गोष्ट आहे, ती यंत्रांसाठी. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाला जोडून प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान असतं, कमाल १० लाख. स्वतःचा वाटा किमान १० टक्के. पीठ, मसाला, भाजणी हे सगळं त्यात बसतं. आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो. तालुका कृषी कार्यालयात जाऊन नवे अर्ज चालू आहेत का ते आधी विचारा. कांडपाची मोटार जुनी, दोनदा रिवाइंड केलेली असेल, तर ती बदलण्याचा विचार याच वेळी करा. रिवाइंड केलेली मोटार तेवढ्याच कामाला जास्त वीज खाते.

सोलरवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतासाठी केंद्राचं अनुदान आहे: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, तीन किंवा त्याहून जास्तीला ७८,००० वर थांबतं. तो तीनचा आग्रह धरतो, कारण ७८,००० हा आकडा मोठा दिसतो. पण एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. दोन किलोवॅटची वर्षाला २,९०० होतात, तुमचा वापर २,०२०. घंटी खाली गेली तर त्याहूनही कमी. मग तिसरा किलोवॅट कुणासाठी? शिवाय पहिला किलोवॅट तुमची महागडी, वरच्या टप्प्यातली युनिट खातो, दुसरा उरलेली स्वस्त युनिट, आणि तिसऱ्याला खायला काही उरतच नाही. फार तर वर्षाअखेरीला उरलेल्या युनिटांचे थोडेफार पैसे मिळतील. दोन बसवा. गच्चीवर दोनशे चौरस फूट सावली नसलेली जागा लागेल. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठवर येते ते एकदा खडूने आखून बघा. 'बिल शून्य' हे म्हणायला. स्थिर आकार राहतोच.

अनुदान नोंदणीकृत विक्रेत्याकडून, भारतात बनलेल्या पॅनेलवरच मिळतं, आणि यंत्रणा चालू झाल्यावर थेट अर्जदाराच्या खात्यात येतं. 'ते आम्ही वळतं करून घेतो' म्हणणाऱ्याला हिशेब लिहून द्यायला सांगा. गाळ्याच्या मीटरसाठी हे अनुदान नाही. तिथे पॅनेल स्वतःच्या पैशांनी.

आणि इथेच तुमचा शेवटचा प्रश्न येतो, जो तुम्ही जाता जाता विचारलात. मीटर सासऱ्यांच्या नावावर चालतं का? बिल भरायला चालतं, अनुदानाला चालत नाही. सूर्यघरचा अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर त्यालाच करता येतो.

माझ्या माहेरी हेच झालं. मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा गेले १९९८ साली, आणि आम्ही पंचवीस वर्षं त्यांच्या नावाने इमानेइतबारे बिल भरलं, दर महिन्याला लिफाफ्यावर त्यांचं नाव बघून आजी जरा हळवीही व्हायची. मग भावाच्या डोक्यात सोलर आलं. वारस निघाले सात. एक आत्या बडोद्याला, एक काका मस्कतला, आणि एका चुलत भावाशी कुणाचं बोलणं नव्हतं. त्याची सही आणायला माझी आई स्वतः गेली, जाताना डिंकाचे लाडू घेऊन. पाच महिने गेले. चूक सगळी आमचीच.

तुमच्याकडे वारस म्हणजे मिस्टर, दीर आणि नणंदा असतील तर त्या, आणि सासूबाई. आत्ता सगळ्यांचं बोलणं चालू आहे, तोवर सह्या घ्या. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा उतारा, वारसांचं संमतिपत्र. गाळ्याच्या मीटरवरही सासऱ्यांचंच नाव असेल तर दोन्हीचे अर्ज एकत्रच टाका. घरपट्टीच अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर सुरुवात तिथून.

सिलिंडरचंही तसंच. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन भरलेली सिलिंडर मोफत आहेत, उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या लाभार्थी कुटुंबांना, शिधापत्रिकेमागे एकीलाच. अट अशी की गॅसजोडणी बाईच्या नावावर हवी. तुमची मिस्टरांच्या नावावर असणार, पैज लावते. एजन्सीत जाऊन ती तुमच्या नावावर करून घ्या, केवायसी करा, आधारला जोडलेलं खातं चालू आहे का पाहा आणि मग अर्ज करा. केंद्राचं सिलिंडरमागचं ३०० रुपयांचं अनुदान मात्र फक्त उज्ज्वलावाल्यांना, त्यात तुम्ही नाही. आणि हळूच सांगते: ऑर्डरीची भाजणी भाजायला घरचं लाल सिलिंडर वापरत असाल तर ते नियमात बसत नाही. काम वाढलं की व्यावसायिक घ्या.

वर्गवारीच्या अर्जावर टोलवाटोलवी झाली तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथेही नाही जमलं तर मंचाच्या निकालापासून साठ दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे. वकील लागत नाही. वाद चालू असताना बिल भरणं सोडू नका. कधी एखादं बिल अवाच्या सवा आलंच तर वीज कायद्याचं कलम ५६ लक्षात ठेवा: हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा गेल्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी ती भरली तर निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आणि तोडायची झाली तरी आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. खांबाखाली उभं राहून 'आत्ता कापतो' म्हणणाऱ्याला नोटिशीची तारीख विचारा.

आधी सह्या, त्याच आठवड्यात गाळ्याचा अर्ज, गॅस एजन्सी वाटेवरच असेल. सोलर पावसाळ्यानंतर. आणि गाळ्याचं पुढचं बिल आलं की त्याचा फोटो मला पाठवा. या वेळी अंगठा जरा खाली धरा.